डावीकडून तिसरी

आमच्या घरी फोटोच्या पाठीवर लिहायची रीत होती. ती माझ्या सासऱ्यांची. स्टुडिओतून फोटो आला की ते आधी तो पालथा करत, पेन्सिलीला टोक काढत आणि बारीक अक्षरात लिहीत: कोण, कुठे, निमित्त काय, तिथी आणि इंग्रजी तारीख. मगच फोटो घरातल्यांच्या हातात पडे. 1974 मध्ये मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला लागले आणि त्याच वर्षी लग्न होऊन सांगलीच्या गावभागातल्या या घरात आले. सासऱ्यांना लिहिताना पाहून मला वाटलं, हे तर आमच्यासारखं दाखल करून घेणं आहे. ग्रंथालयात पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो, मग वर्गांक, मग तालिकापत्र, आणि त्यानंतर ते कपाटात जातं. ज्याची नोंद नाही ते पुस्तक असून नसल्यासारखं.

ही रीत कॉम्प्युटरमुळे मोडली असं आमच्या पिढीतले बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. ती त्याच्या कितीतरी आधी मोडली होती, आणि मोडली ती कागदामुळे. काळ्या-पांढऱ्या फोटोचा कागद हा खरोखर कागद होता, त्याच्या पाठीवर पेन्सिल चालायची. रंगीत फोटो आले ते प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या कागदावर. त्यावर पेन्सिल उमटेना. बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढच्या बाजूला वळ उठत आणि ओली शाई शेजारच्या फोटोतल्या माणसाच्या तोंडाला लागे. दोन-तीन फोटो खराब झाल्यावर सासऱ्यांनी लिहिणं सोडलं. आमच्याकडचा पाठीवर मजकूर असलेला शेवटचा फोटो 1981 चा आहे. पुढची वीस-बावीस वर्षं चिकट पानांच्या अल्बममध्ये मुकी बसून राहिली.

कॉम्प्युटर घरात आला 2003 साली. भाच्याने सुटे भाग आणून तो जोडून दिला: 40 जीबीची हार्ड डिस्क, 256 एमबी रॅम, विंडोज एक्सपी. पुढच्या वर्षी 3.2 मेगापिक्सेलचा कॅमेरा आला. तोवर 36 फोटोंचा एक रोल आम्हाला सहा महिने पुरायचा. गणपती, दिवाळी आणि कोणाचं तरी डोहाळजेवण एकाच पाकिटात धुऊन येत. नव्या कॅमेऱ्याने पहिल्या गणपतीत, दहा दिवसांत, 214 फोटो काढले. इतक्या फोटोंचं करायचं काय, हा प्रश्न घरात माझ्याच वाट्याला येणार हे उघड होतं.

कॅमेऱ्याची फोल्डरं मी पहिल्यांदा उघडली तेव्हा मला ओळखीच्या घरात शिरल्यासारखं झालं. कार्डात डीसीआयएम नावाचं फोल्डर, त्यात 100 पासून सुरू होणारी उपफोल्डरं, आणि त्यांत चार अक्षरं व चार आकडे अशा नावांच्या फाइली. ही मांडणी जपानच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने 1998 साली ठरवली, म्हणजे एका कंपनीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड दुसरीच्या यंत्रातही वाचता यावं. फाइलीचं नाव आठ अक्षरांचं, कारण जुन्या डॉसमध्ये तेवढ्यालाच जागा असे. हा तर सरळ दाखल क्रमांक. फक्त एक गोष्ट मला खटकली. दाखल क्रमांकाचा पहिला नियम असा, की एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कोणालाही द्यायचा नाही. पुस्तक हरवलं, फाटलं, रद्दीत गेलं तरी नाही. कॅमेरा 9999 नंतर पुन्हा 0001 वर येतो. आमचा तर कार्ड रिकामं केलं की तेव्हाच 0001 पासून सुरू करायचा.

खटकलं होतं, तरी मी सावध राहिले नाही. ऑक्टोबरात कार्ड रिकामं करून नवे फोटो काढले आणि जुन्याच फोल्डरात कॉपी करायला घेतले. या नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का, असं पडद्यावर विचारलं गेलं. घाईत मी 'यस टू ऑल' दाबलं. त्या वर्षीच्या गौरीजेवणाचे सगळे फोटो गेले. सासूबाईंनी स्वतः गौरी उभ्या केल्या ते शेवटचंच वर्ष होतं. मला ते अजून लागतं.

त्या रात्री मी वहीत नियम लिहून काढले. प्रत्येक प्रसंगाचं फोल्डर वेगळं. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि पुढे प्रसंग. तारीख अशी उलटी लिहिली की फोल्डरं आपोआप काळाच्या क्रमाने उभी राहतात. वर्ष-महिना-दिवस हीच पद्धत 1988 च्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे हे मला नंतर कळलं. पण नुसती तारीख आमच्या घराला पुरेना. गणेश चतुर्थी 2004 साली 18 सप्टेंबरला होती, 2005 साली 7 सप्टेंबरला, 2006 मध्ये 27 ऑगस्टला. 'मागच्या वर्षीच्या गौरी काढ' असं सासूबाई म्हणत, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर भाद्रपद असे, सप्टेंबर नव्हे. म्हणून तारखेपुढे सणाचं नाव हवंच. तेही सुरुवातीला रोमन लिपीत लिहावं लागे, कारण एक्सपीमध्ये देवनागरी हवी असेल तर कंट्रोल पॅनेलमधला एक पर्याय निवडून मूळ सीडी घालावी लागते, हे आम्हाला वर्षभर माहीत नव्हतं. रोमनमध्ये गणपती मी एकदा शेवटी एक आय घालून लिहिला, एकदा दोन ई घालून, एकदा टीपुढे एच देऊन. मग शोधायला गेलं की तिघांपैकी एकच सापडे. सीडी घालून मंगल हा फॉन्ट दिसू लागला त्या दिवशी मी पहिलं फोल्डर 'मंगळागौर' नावाचं केलं.

मग 2005 चा पूर आला. सांगलीत पावसाळ्यात लोक एकमेकांना आकडा विचारतात. तो आकडा म्हणजे 1929 साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती फूट आहे तो. त्या वर्षी आकडा चढत गेला आणि गावभागात पाणी शिरलं. आम्ही माणसं, धान्य आणि देव वर नेले. कॉम्प्युटर भाच्याने खांद्यावरून नेला. अल्बम खालच्या कपाटात राहिले. पाणी उतरल्यावर ते उघडले तर रंगीत फोटो प्लॅस्टिकच्या पानाला लदबदून चिकटलेले. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, पाण्यात तो फुगतो आणि मऊ होतो. बोट लागलं तरी चेहरा निघून येतो. चिकटलेले फोटो वाळू द्यायचे नाहीत, स्वच्छ गार पाण्यात ठेवून सुटे करायचे आणि तोंड वर करून सुकवायचे, हे मला ओल्या पुस्तकांच्या निमित्ताने ठाऊक होतं. जुन्या नऊवारी अंथरून आम्ही माडीभर फोटो पसरले. शाईत लिहिलेलं सगळं वाहून गेलं होतं. सासऱ्यांची पेन्सिल मात्र जशीच्या तशी होती. शिसपेन्सिलीत शाई नसते, ग्रॅफाइट असतं, आणि पाण्याला ते विरघळवता येत नाही.

पुरानंतर मी स्कॅनर घेतला. कागदावरचा फोटो काचेवर ठेवून आकड्यांत उतरवायचा हा उद्योग मला नव्या जमान्याचा वाटला होता, पण तो माझ्या शाळकरी वयाइतका जुना निघाला. 1957 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श यांनी फिरत्या रुळावर फोटो लावून तो पहिल्यांदा संगणकात उतरवला. चित्र 176 बाय 176 ठिपक्यांचं. आणि फोटो होता त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. सरकारी संस्था, खोलीभर यंत्र, आणि त्यातून उमटलेलं पहिलं चित्र घरातल्या तान्ह्या बाळाचं. हे वाचल्यापासून किर्श मला आमच्यातले वाटतात.

त्या ठिपक्यांचं ओझं घरच्या यंत्राला पेलवलं ते जेपेगमुळे, आणि त्यात आपल्याकडच्या माणसांचा हात आहे. बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विद्यापीठात शिकवत. चित्रातली माहिती आवळण्यासाठी एक गणिती रीत त्यांनी 1972 मध्ये मांडली. तिच्यासाठी मागितलेलं अनुदान नाकारलं गेलं. तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्याबरोबर 1974 च्या जानेवारीत त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. 1992 मध्ये ठरलेलं जेपेग हे मानक त्याच रीतीवर उभं आहे: चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला न जाणवणारा तपशील प्रत्येकातून कमी करायचा. ती आवळणी नसती तर 40 जीबीत आमची दोन वर्षंही मावली नसती.

आता तालिकापत्राकडे वळते, कारण माझ्या मते घरच्या फोटोंचा सगळा इतिहास हा तालिकापत्र कुठे ठेवलं याचा इतिहास आहे. पुस्तक एकच असतं, ते एकाच कपाटात राहतं. पत्रं मात्र कितीही करता येतात: लेखकाचं, नावाचं, विषयाचं. फोल्डर म्हणजे कपाट. आत्याबाईंचा फोटो 'मुंज' मध्ये ठेवला तर 'आत्याबाई' मध्ये सापडत नाही, आणि दोन्हीकडे ठेवला तर दोन प्रती होतात आणि पुढे कोणती खरी ते कळत नाही. सुरुवातीला फोटो पाहायला मी इरफान व्ह्यू वापरत असे. इरफान श्किल्यान या बोस्नियन तरुणाने व्हिएन्नात शिकत असताना 1996 मध्ये ते केलं आणि घरगुती वापरासाठी फुकट दिलं. एवढंसं आणि चपळ. स्पेसबार दाबत गेलं की फोटो सरकत जात. पण तो वाचनकक्ष होता, तालिका नव्हती.

तालिका आली पिकासाबरोबर. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीचा तो प्रोग्रॅम गूगलने 2004 च्या जुलैत घेतला आणि मोफत केला. मला तो भाच्याने सीडीवर आणून दिला. त्याने सगळी फोल्डरं स्वतः धुंडाळली, डाव्या हाताला वर्षवार लावली, आणि फोटो होता तिथेच ठेवून त्याची पत्रं मला हवी तितकी करू दिली. फोटोखाली ओळ लिहिता येई, टॅग देता येई, एकच फोटो चार अल्बमांत दाखवता येई. पहिल्या संध्याकाळी मी जेवायला उठले नाही.

ग्रंथालयशास्त्रातले एस. आर. रंगनाथन यांनी 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं, आणि पुढे त्यात कुठल्याही विषयाच्या पाच बाजू सांगितल्या: व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश आणि काल. सर्वांत मूर्त ते व्यक्तित्व, सर्वांत अमूर्त तो काल, असा तो उतरता क्रम. नोकरीत आम्ही ड्युईचं वर्गीकरण वापरायचो; रंगनाथन परीक्षेपुरते पाठ केलेले. ते उमगले मला फोटोंपाशी. यंत्र हाच क्रम खालून वर चढत गेलं. आधी त्याला काल कळला: 1995 साली जपानमध्ये एक्झिफ हे मानक ठरलं आणि कॅमेरा प्रत्येक फाइलीच्या डोक्यातच तारीख व वेळ लिहू लागला. मग मोबाइलात जीपीएस आलं आणि अवकाश कळलं. फोटोत माणूस कोण आहे, हे त्याला सर्वांत शेवटी जमायला लागलं. आणि घरात फोटो हातात घेणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.

काळाच्या बाबतीतही यंत्राचा हट्ट असे. स्कॅन केलेल्या फोटोवर तारीख पडे ती स्कॅनची, त्यामुळे सासूबाईंचं लग्न 2006 सालात जाऊन बसलं. ती बदलायला गेले तर दिवस, तास, मिनिट, सेकंद सगळं हवं. ग्रंथालयात साल नक्की नसलं की आम्ही ते चौकटी कंसात घालून पुढे प्रश्नचिन्ह देतो. 'अंदाजे' म्हणायची ती मानाची सोय आहे. इथे ती नव्हती. मी ठरवलं, फक्त साल माहीत असेल तिथे 1 जानेवारी, मध्यरात्र लिहायची, आणि खरं काय ते फोटोखालच्या ओळीत.

सासूबाईंच्या लग्नाचे फोटो तीन. 1946 चा वैशाख. सासऱ्यांनी पाठीवर नेमानं लिहिलं आहे. पुरुषांच्या फोटोमागे एकोणीस नावं, रांगेनुसार, डावीकडून उजवीकडे. बायकांच्या फोटोमागे दोनच शब्द: 'लग्नघरचा स्त्रीवर्ग'. फोटोत तेवीस जणी आहेत.

2006 च्या उन्हाळ्यापासून सासूबाई आणि मी दुपारी जेवणं आटोपली की कॉम्प्युटरपुढे बसू लागलो. त्या तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या. मोतीबिंदू काढलेला होता, पण भिंग धरलं तर हात कापे. पडद्यावर मात्र एकेक चेहरा ताटाएवढा करता येई. हे फोटो मोठ्या प्लेटवर घेतलेले, निगेटिव्हएवढेच छापलेले, त्यामुळे कितीही मोठे केले तरी नथीतले मोती मोजता येत. आमच्या नव्या कॅमेऱ्याला ते जमत नव्हतं. पहिला चेहरा मोठा झाला तेव्हा त्या खुर्चीत पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आमची उगारची मावशी. बघ, पदर तोंडात धरायची खोड." मी टाइप करू लागले तशा थांबल्या. "लिहितेस होय? मग नीट सांगते."

नीट सांगणं महिनाभर चाललं. चेहऱ्यापेक्षा त्यांना उभं राहायची ढब आधी आठवे. कोणाच्या हातची कडबोळी कशी होत, कोणाला सवतीवर दिलं होतं, कोण प्लेगात आईवेगळी झालेली, हे आधी येई आणि नाव मागून. नावाचाही गुंता होताच. एकीला माहेरी एक, सासरी दुसरं, आणि घरात हाक मारायची तिसऱ्याच नावाने. ग्रंथालयात यावर उपाय आहे, 'पाहा' असं पत्र: टोपणनावाच्या पत्रावर खऱ्या नावाकडे पाहा असं लिहायचं. मी प्रत्येकीला तिन्ही नावांचे टॅग दिले. काशी, रमाबाई, माई. कुठल्याही नावाने शोधलं तरी तीच बाई पडद्यावर यावी.

बावीस जणी मिळाल्या. डावीकडून तिसरी उरली. सडपातळ, कपाळावर आडवी चिरी, एका हातात रुमाल, नजर कॅमेऱ्याकडे नसून बाजूच्या मुलीकडे. सासूबाईंनी तिच्याकडे कितीतरी दुपारी पाहिलं. "हिला मी ओळखते गं. हिने मला हळद लावली. नाव तेवढं ओठावर येत नाही." फोटोखाली मी लिहिलं, 'डावीकडून तिसरी: ?'

2009 मध्ये पिकासा चेहरे ओळखू लागला. एकेक चेहरा कापून पुढे ठेवायचा आणि ही कोण म्हणून विचारायचा. त्याने अठरा वर्षांच्या सासूबाई आणि कॉलेजात जाणारी माझी मुलगी एकाच ढिगात घातल्या. मी दुरुस्त करायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. हनुवटी माझीच आहे तिची." तो ढीग मी तसाच ठेवला. 2012 मध्ये त्या गेल्या.

15 मार्च 2016 ला पिकासा बंद झाला, म्हणजे त्यात नवी भर पडणं थांबलं. आमच्याकडचा चालत राहिला. 2018 मध्ये कॉम्प्युटर बदलताना मी फोटोंची फोल्डरं जपून नव्या यंत्रात नेली आणि जुनी डिस्क पुसून देऊन टाकली. नव्या यंत्रात पाहते तर अल्बम नाहीत, आणि सरळ करून ठेवलेले कितीतरी फोटो पुन्हा आडवे. पुस्तकं हलवली आणि तालिकेचे खण मागेच ठेवले, अशी ती माझी चूक. अल्बम प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कोठीत होते, फोटोंजवळ नव्हते. चेहऱ्यांची नावं आणि फिरवल्याच्या खुणा ज्या लपलेल्या छोट्या फाइलींत असतात, त्या कॉपी करताना मी कचरा समजून वगळल्या होत्या.

थरथरत्या हाताने लग्नाचा फोटो उघडला. खालची ओळ होती. बावीस नावं आणि एक प्रश्नचिन्ह, सगळं जागच्या जागी. टॅगही होते. फोटोखालची ओळ आणि टॅग जेपेग फाइलीच्या पोटातच लिहिले जातात. फोटो जाईल तिकडे ते जातात. सासऱ्यांच्या पेन्सिलीसारखे. तेव्हापासून मी डिजिकॅम हा प्रोग्रॅम वापरते आणि प्रत्येक नोंद फाइलीतच लिहायची असं त्यात ठरवून दिलं आहे. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना मात्र हे पोटातलं लिखाण गळून पडतं, म्हणून नातेवाइकांना फोटो मी ईमेलने, नाहीतर पेनड्राइव्हवर देते.

2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 2005 पेक्षा वर आलं. या वेळी औषधांच्या पिशवीत बाहेरची हार्ड डिस्क होती. परतल्यावर गल्लीतल्या बायका ओले अल्बम घेऊन आमच्या माडीवर येत. फोटो कसे सोडवायचे ते मी दाखवी, आणि सुकत घातलेल्या प्रत्येक फोटोशेजारी चिठ्ठी ठेवायला लावी: कोण, कुठे, केव्हा. पुष्कळ चिठ्ठ्यांवर प्रश्नचिन्हंच होती.

ह्यांच्या एक चुलत आत्या बेळगावला असतात. वय एक्क्याण्णव. सासूबाईंच्या लग्नात त्या होत्या. पुढच्या रांगेत फ्रॉक घालून बसलेली मुलगी म्हणजे त्याच. मार्गशीर्षात नातू त्यांना घेऊन येणार आहे. डावीकडून तिसरीचा चेहरा मी मोठा करून छापून आणला आहे. दुकानदार चकचकीत कागद देत होता, मी मागून जाड, खरखरीत पाठीचा घेतला. पेन्सिलही टोक काढून ठेवली आहे.